आख्खा गाव

शालूबाई सारख्या म्हणायच्या, "साईराज एवढा बोलावतोय, लेकाकडं साताऱ्याला राहू." नाथाजींचं एकच उत्तर असायचं, "तिथं खांदा द्यायला चार माणसं मिळत न्हाईत. हितं आख्खा गाव येतो."

एका दुपारी शालूबाईंच्या छातीत कळ आली. नाथाजी शेजारच्या हिंदुरावाकडं गाडी मागायला धावले. "पंचायतीला मत समोरच्या पॅनेलला दिलंसा न्हवं? मग गाडीबी त्यांचीच मागा," म्हणत त्यानं दार लावून घेतलं. दुसरी गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मयताला आख्खा गाव लोटला. खांदा द्यायला सगळ्यांत पुढं हिंदुराव. "आप्पा, साताऱ्यात जमली असती का एवढी माणसं?"

नाथाजींनी त्याला हातानं मागं सारलं.

 

"साईराज, तुझी गाडी दारात लाव. तुझी आई गाडीतनंच जाईल."