मंजुरी बाकी

त्या दिवशीही बापलेकीची जुंपलीच. कुलपांच्या दुकानाची वेबसाइट दोघंच सांभाळत, आणि नियम बाबांचा: एकाने केलेला बदल दुसऱ्याने चाचणीच्या प्रतीवर तपासून मंजूर केल्याशिवाय खऱ्या साइटवर जाणार नाही. “बाबा, एक स्वल्पविराम बदललाय फक्त! माझ्यावर भरवसा नाही?” “तुझ्यावर आहे गं, तुझ्या घाईवर नाही,” म्हणत त्यांनी मंजुरीचं बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत. आठवड्याने तिने साइटसाठी त्यांच्या निधनाची सूचना लिहिली. पडद्यावर बाबांच्या नावापुढे ‘मंजुरी बाकी’ असं उमटलं. ती गोंधळून तीच दोन वाक्यं पुन्हापुन्हा वाचत राहिली. त्यात चूक आहे की नाही, हेच तिला कळेना. “अगं, आता तुझं तूच मंजूर कर,” आई म्हणाली. ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली, “बाबा, तुम्ही तपासायचात, म्हणून मला चुकायची भीती नव्हती.”