चार सेकंद गप्प

कासवदादाच्या कार्टूनच्या गोष्टी एकोणतीस वर्षं काकाच लिहीत आणि काकाच सांगत. नव्या निर्मातीने पहिल्याच दिवशी कात्री काढली.

"काका, प्रश्न विचारून तुम्ही चार सेकंद गप्प बसता. तेवढ्यात पोरं चॅनल बदलतात."

"तेवढ्यात पोरं उत्तर देतात, बाई."

"तुम्ही ऐकलंय कधी?"

ऐकलं नव्हतं. बंद खोलीत, माइकसमोर बसलेल्या माणसाला ते ऐकू येणार तरी कसं?

"मग आजचा भाग तुमच्या पद्धतीने करा. उद्यापासून गप्प बसणं बंद," असं म्हणून ती घड्याळ घेऊन त्यांच्या शेजारीच बसली.

पडद्यावर कासवदादाने उशा उलथ्यापालथ्या केल्या, पलंगाखाली डोकावून पाहिलं.

"अरेच्चा! कासवदादाचा चष्मा गेला तरी कुठे?" काकांनी विचारलं आणि ते गप्प बसले.

एक सेकंद गेला. दुसरा गेला.

"अहो, डोक्यावर आहे ना!" ती ओरडली.

काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "मॅडम, तुमचा आवाज आला. पुन्हा घ्यावं लागेल."

"घेऊ की," काका म्हणाले. "पण हे पुसू नकोस हं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच उत्तर ऐकू आलंय."