गंजाचा अंगठा

वीजकेंद्राच्या धुरातला कार्बन पकडणाऱ्या यंत्रासाठी कोणतं लोखंड टिकेल, हे ती प्रयोगशाळेत तपासायची. रसायनात महिनाभर बुडवलेल्या पट्ट्या आज बाहेर काढल्या, तर एकीवर गंजाचा ठसठशीत अंगठा उमटलेला! हातमोज्यांशिवाय पट्टीला शिवायचं नाही, हा इथला पहिला नियम. तो कुणी मोडला, हे तिला लगेच कळलं. महिन्यापूर्वी, पट्ट्या बुडवायच्या आधी, लेकीचं काम बघायला आलेल्या बाबांनी, जन्मभर वेल्डिंग केलेल्या माणसाने, "काय गुळगुळीत आहे गं!" म्हणत पट्टी कुरवाळली होती. चाचणी पुन्हा पहिल्यापासून! बाद झालेली पट्टी पर्समध्ये टाकून तणतणतच ती घरी आली. बाबा हिरमुसून बसले होते. "बँकेच्या मशीनने आजही अंगठा घेतला नाही गं. म्हणे, रेषाच झिजल्यात. मी मीच आहे, हे पटवायचं कसं?" रागावायला उघडलेलं तोंड तिने मिटलं. पर्समधली पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली. "मशीनचं सोडा, बाबा. लोखंडाने ओळखलं तुम्हाला."