टेलिफोनवालीची बहीण

नाटकाची दुसरी घंटा झाली तरी मागच्या रांगेतले हेडमास्तर गप्प बसेनात.

"बघू या, फितुराला किती रंग फासलाय," ते बायकोला म्हणाले. पण अशा बेताने, की पुढच्या रांगेत ऐकू जावं.

पुढच्या रांगेत धाकटी बसली होती. सत्तरी उलटली तरी गावाला ती धाकटीच. टेलिफोनवालीची धाकटी बहीण. तिने मान वळवली नाही. हा शब्द तिने वाण्याच्या दुकानात ऐकला होता, नळावर ऐकला होता, स्वतःच्या लग्नातसुद्धा ऐकला होता.

गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती. लष्करी राजवटीत माणसं चौकात जमली आणि फोनवरून हुकूम सुटला, गोळ्या घाला. तो हुकूम कसा कोण जाणे, घराघरातल्या फोनवर ऐकू आला. दारं उघडली. सगळं गाव चौकात उतरलं, त्यात शिपायांच्या आयासुद्धा. त्या दिवशी गावात एकही गोळी सुटली नाही. दुसऱ्या दिवशी टेलिफोन ऑफिसात फोडलेला बोर्ड होता आणि ऑपरेटर नव्हती. लोक म्हणाले, लष्कराला मिळालेली होती, पळाली.

पुढे राजवट गेली, पण तो शब्द काही गेला नाही. तो गेलेला धाकटीला डोळ्यांनी पाहायचा होता. त्यासाठीच तिने या पोरसवदा लेखकाला घरी बसवून सगळं सांगितलं होतं.

लेखक शेजारीच बसला होता. तो हळूच म्हणाला, "आजी, शेवटचा प्रवेश सहन होईल ना? ताई जातात तो?"

"न व्हायला काय झालं? माझ्यासमोरूनच गेली की ती. तू फक्त नीट दाखव म्हणजे झालं."

"पळाली नाही, गेली. तुमच्या त्या एका वाक्यावर तर नाटक उभं आहे."

"मग ठीक."

पडदा उघडला. बोर्ड अगदी तसाच होता. भोकांच्या रांगा, लोंबणाऱ्या दोऱ्या, केसांत अडकणारं ते कानावरचं काळं यंत्र. हुकूम आला. नटीने श्वास घेतला आणि एकेक दोरी उचलून एकेक घर जोडायला सुरुवात केली. धाकटी तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. डॉक्टर. बेकरी. शाळा. सुईणबाई.

मागे हेडमास्तरांचं कुजबुजणं थांबलं होतं.

शेवटचं घर जोडून झालं. नटीने कानावरचं यंत्र काढून खुंटीला अडकवलं. धाकटीने मान डोलावली. अस्संच.

तेवढ्यात दार मोडून शिपाई आत घुसला. धाडधाड गोळ्या सुटल्या आणि नटी बोर्डावर कोसळली.

"अगं बाई," धाकटी म्हणाली आणि तिने रुमाल तोंडात कोंबला. तिचे खांदे गदगदा हलू लागले. लेखकाने तिचा हात हातात घेतला. त्याचेही डोळे भरून आले होते.

पडदा पडला. मागे एक खुर्ची करकरली. हेडमास्तर उठून उभे राहिले होते. त्यांच्यामागोमाग अख्खं नाट्यगृह उभं राहिलं आणि टाळ्यांचा असा काही कडकडाट झाला, की दरवान बाहेरून धावत आला.

हेडमास्तर पुढे वाकले. नाक ओढत म्हणाले, "धाकटे, तिला फितूर म्हणणारी ही जीभ झडली पाहिजे."

"जीभ राहू द्या, मास्तर. चारचौघांत हेच पुन्हा सांगायला लागेल."

त्यांनी सांगितलं. रंगमंचावर चढून, सगळ्या गावासमोर, हात जोडून सांगितलं. मग लेखकाने धाकटीला वर नेलं. लोक बसायला तयार नव्हते.

"आज इथे ताई हव्या होत्या," लेखक जड आवाजात म्हणाला आणि त्याने माइक तिच्यापुढे धरला.

धाकटीने डोळे कोरडे केले.

"बोलावलं होतं रे तिला," ती म्हणाली, "पण म्हणाली, पहिल्या प्रयोगात हमखास चुका होतात, मी आपली रविवारच्या प्रयोगाला येते."