काड्या आणि काटा

“गोड पदार्थ येईपर्यंत ठरव, हो की नाही,” आई दारातच कुजबुजली होती. लग्न आईचं कुराता-सानशी, ठरवायचं सुझुनानं! क्योतोच्या या महागड्या हॉटेलात आधीच तिचा गोंधळ उडालेला: कोवळा बांबू आपला जपानी, सॉस फ्रेंच, जेवायला काड्याही आणि सुरी-काटाही. “खा गं, शेवटचा तुकडा तुझा,” म्हणत कुराता-साननी तो काड्यांनी तिच्या ताटलीत ठेवायला उचलला. गडबडीत तिनं मधेच आपल्या काड्यांनी पकडला. आई पांढरीफटक. काड्यांतून काड्यांत फक्त दहनानंतर मृताच्या अस्थी देतात. बाबांच्या तिनं तशाच घेतलेल्या. हसावं की रडावं, तिला कळेना. “सोडू नकोस, पडेल,” कुराता-सान पुटपुटले. “माझ्या बायकोच्या अस्थीही मी अशाच घट्ट धरल्या होत्या.” सुझुनानं दुसऱ्या हातानं काटा उचलला, तुकडा टोचून त्यांच्याच ताटलीत ठेवला आणि नाक ओढत म्हणाली, “आई, घरी यांना काटाच द्यायचा हं!”