उलटा साचा

“साचा उलटा लावलास ना? डोळे काय भाड्यानं दिलेत?” बाबांनी गिटारचं लाकूड टेबलावर आपटलं. “शाळा सोडून हे दिवे लावतोयस.”

 महिनाभर खपून प्रज्योतनं घरच्या राउटरवर, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्रावर, पिन बसवली होती. ती साच्याच्या कडेनं फिरते आणि पातं हुबेहूब तोच आकार कापतं. आज साचा त्यानं मुद्दाम उलटवला होता.

गेल्या वर्षी करवतीखाली बाबांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हापासून त्यांनी गिटार हातात धरली नव्हती. उलट्या गिटारवर तारा उजव्या हातानं दाबता आल्या असत्या.

“सागवान फुकट घालवलंस. टाक बंबात.”

प्रज्योतला हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण त्याचं डोकं फिरलं होतं. त्यानं कुऱ्हाड घेतली, लाकडाचे चार तुकडे केले आणि बंबाशेजारी रचले.

“झालं? मला आता निघायचंय,” तो बाबांना म्हणाला.