तसेच जा, नाना

“सिस्टर, सोडा की आत! माझे जंतू माझ्यासारखेच आळशी, उंबऱ्यातच झोपतील,” जळीत वॉर्डाच्या काचेला नाक लावून नाना रोजच्यासारखे म्हणाले.

गुऱ्हाळावर उकळत्या काकवीनं भाजलेली त्यांची बायको काचेपलीकडे होती. जखमा चिघळल्या होत्या, ताप उतरत नव्हता. सिस्टर रोज दटावायची, “बाहेरचा एक जंतू पुरे, नाना. थांबा तिथंच.” आज तिनं स्वतःच दार उघडलं.

नाना हरखले. लगबगीनं बेसिनकडे जाऊन कोपरापर्यंत साबण चोळला. “तो हिरवा झगा द्या. अन् तोंडाचं फडकं.”

“राहू द्या. तसेच जा,” सिस्टर खाली बघत म्हणाली.

नळाखाली नानांचे हात थांबले. आता जंतू आत गेले काय, न गेले काय, सारखंच होतं. तरीही त्यांनी हात पुन्हा धुतले, हट्टानं झगा मागून घातला.

“सोडलं व्हय तुमाला?” खाटेवरून बायको पुटपुटली.

“तर गं! जंतू पळालं म्हणं, माझं थोबाड बघून. परवा घरी न्यायचं.”

जन्मभर नानांची प्रत्येक थाप तिनं जागच्या जागी पकडली होती. आज म्हणाली, “मग म्हशीला सांगून ठिवा, येतीया म्हणून.”